दोन वाजताची ओव्हर

पंचवीस वर्षं नर्सिंग केलं. त्यातली अकरा वर्षं वॉर्डाची इन्चार्ज होते, आणि त्या अकरा वर्षांत मी एकाही मुलीवर आवाज चढवला नाही. हे मी पूर्वी फार अभिमानानं सांगायचे. आता सांगते ते नुसती नोंद म्हणून.

माझ्या आधीच्या इन्चार्ज बाई तोंडाच्या भलत्याच फटकळ होत्या. सलाईन पाच मिनिटं उशिरा बदललं तरी पेशंटसमोर असं काही बोलायच्या, की पेशंटच मुलीची बाजू घ्यायचा. त्यांच्या हाताखाली असताना मी कितीतरी वेळा लिनन रूममध्ये जाऊन रडले आहे. लिनन रूम म्हणजे आमची चादरी-उशांच्या खोळींची खोली. आपण कधी वर गेलोच तर असं वागायचं नाही, असा कानाला खडा मी त्या खोलीतच लावला होता.

तो मी पाळला. माझ्या वॉर्डात आरडाओरडा नसायचा. सुपरिटेंडेंट साहेब पाहुण्या डॉक्टरांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बघा, बायकांचा वॉर्ड आहे आणि आवाज नाही." पाहुणे हसायचे. मीही हसायचे. मुली हसायच्या की नाही, ते मी कधी बघितलं नाही.

आमच्याकडे पाळी बदलताना ओव्हर देतात. सकाळची नर्स दुपारच्या नर्सला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पेशंटची हकीकत सांगते: काय ऑपरेशन झालं, काय दिलं, काय द्यायचं, काय बघायचं. दोन वाजताच्या ओव्हरला मी स्वतः उभी राहायचे. हातात वही आणि पेन. पेन स्टीलच्या टोपणाचं, कुठल्याशा औषध कंपनीच्या माणसानं दिलेलं. असली पेनं आठवड्यात बंद पडतात, हे मात्र चिवट निघालं. मुलगी सांगायची, मी हवं ते टिपून घ्यायचे आणि टोपण लावायचे. टोपण टक करून बसायचं. उघडं पेन खिशाला डाग पाडतं म्हणून शिकताना लागलेली ही सवय, त्यात दुसरं काही नव्हतं. मुळात टोपण लावलं की माझा अर्थ असायचा: लिहिलं, आता पुढं बोल.

ज्या मुलीबद्दल मला सांगायचं आहे ती अक्कलकोटच्या पलीकडची. शेतकऱ्याची मुलगी, घरी कानडी, शाळा मराठी. रोज सकाळी एसटीनं यायची आणि दुपारच्या अडीचच्या एसटीनं परत जायची. नोकरीला दोन वर्षं झाली होती. तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती बहीण कधीकधी दुपारी येऊन पुस्तकं घेऊन जायची. मुलगी हुशार होती आणि कानडी येत असल्यामुळे फार उपयोगाची होती. आमच्याकडे निम्म्या बाया सीमेवरच्या. डॉक्टर मराठीत विचारतात, त्या मान हलवतात, आणि ती मान नक्की कशाला हलली हे कुणालाच कळत नाही.

त्याच वर्षी थंडी सरता सरता माझी आई गेली. घरात आम्ही दोघीच होतो. मी लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला. आई एका शाळेत शिपाई होती, तिथूनच निवृत्त झाली आणि नंतर दिवसभर काही ना काही निवडत बसायची. डाळ, तांदूळ, शेंगा. ती गेली मंगळवारी सकाळी, नळापाशी, बादली भरत असताना. हृदय बंद पडलं. त्याआधीच्या रविवारी मी घरी बसून पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट लावत होते आणि ती खाटेवर शेंगा सोलत होती. तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली.

"अगं, मला दोन दिस जालं, हितं..."

आणि मग म्हणाली, "काय न्हाय. तुजं चालू दे."

माझं चालू होतं. मी चालू दिलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पन्नासेक माणसं आली. सगळे म्हणाले, नर्स आहे, खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काहीच होत नव्हतं. रडू आलं नाही, भूक लागली नाही, झोप यायची तेव्हा यायची. दाताला भूल दिल्यावर गाल आपलाच असून परका लागतो, तसं अंगभर झालं होतं. आठव्या दिवशी कामावर गेले. मुलींनी माझ्याकडे बघितलं, मी वही उघडली, आणि वॉर्ड होता त्याहून शांत झाला. मला वाटलं, समजूतदार आहेत पोरी.

त्यानंतर मला लिनन रूममध्ये जाऊन बसायची सवय लागली. सकाळी अकराच्या सुमाराला, राउंड आटोपल्यावर. तिथं आमच्या इथल्याच मागावर विणलेल्या जाड चादरींचे गठ्ठे असतात, किनारीला हॉस्पिटलचं नाव विणलेलं. दार ओढून घ्यायचं, एका गठ्ठ्यावर बसायचं. विचार वगैरे काही नाही. दहा मिनिटांनी उठायचं आणि बाहेर यायचं.

एप्रिलमधल्या त्या दिवशी मी अकराला गेले नाही, कारण राउंड लांबला. गेले ते दोनची ओव्हर संपल्या संपल्या.

त्या दिवसाची हकीकत मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळली. पण इथं सरळ सांगते.

अकरा नंबरच्या खाटेवर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली एक बाई होती, पन्नाशी ओलांडलेली, सीमेवरच्या गावातली. सोबत तिची लेक. भरती होताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुठल्या औषधाचा त्रास?" दोघींनी माना हलवल्या होत्या आणि कागदावर "नाही" आलं होतं. दुपारी पावणेदोनला आमची मुलगी ताप बघायला गेली तेव्हा लेकीनं तिला कानडीत सांगितलं, की मागे एकदा तालुक्याच्या गावी आईला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, तोंड सुजून श्वास कोंडला होता, आणि ती चिठ्ठी घरी आहे. चिठ्ठीवरचं नाव तिच्या लक्षात होतं. नेमकं तेच इंजेक्शन डॉक्टरांनी राउंडला लिहून ठेवलं होतं: दुखलं तर द्या.

मुलीनं डॉक्टरांना फोन लावला, ते ऑपरेशनमध्ये होते. कागदावर तिनं लिहिलं नाही. का लिहिलं नाही? तर माझा नियम. नातेवाईक काय म्हणतात ते डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय कागदावर यायचं नाही. मागे एकदा कुणीतरी अशी ऐकीव गोष्ट लिहिली आणि त्यावरून मोठा घोळ झाला, तेव्हापासूनचा. म्हणून ओव्हरमध्ये तोंडी सांगावं आणि दुपारच्या नर्सनं डॉक्टरांना पुन्हा फोन करावा, असं तिनं ठरवलं.

ओव्हर अकरा नंबरपाशी आली. ती म्हणाली, "ऑपरेशनचा दुसरा दिवस. पोटाच्या नळीतून पन्नास मिली आलंय. ताप नाही. दुखण्याचं इंजेक्शन लिहिलंय, पण त्यांची मुलगी म्हणते..."

मी पन्नास लिहिलं. टोपण लावलं.

ती बारा नंबरकडे सरकली.

हे मला आज शब्दाशब्दानं आठवतं. तेव्हा यात काही घडलं असं मला वाटलंच नाही. "मुलगी म्हणते" हे मी ऐकलं होतं. मुली काय, काहीही म्हणतात. चहा देऊ का म्हणतात, फॅन लावा म्हणतात.

आता जी गोष्ट मला अकरा वर्षं माहीत नव्हती ती. माझ्या वॉर्डात दोन ओव्हर होत असत. एक माझ्यासमोर, खाटेपाशी, टोपणाच्या तालावर. आणि दुसरी, खरी, त्यानंतर पाच मिनिटांनी लिनन रूममध्ये, मी माझ्या टेबलाशी जाऊन बसल्यावर. पहिलीत जी वाक्यं अर्धी राहिली ती मुली दुसरीत पुरी करायच्या. नवीन आलेल्या मुलीला जुन्या शिकवायच्या: सिस्टरसमोर आकडे सांगायचे, टोपण वाजलं की गप्प, बाकीचं आत. कुणी हे ठरवलं नव्हतं. पायवाट पडते तशी ती पद्धत पडली होती, आणि त्या पद्धतीवर माझा वॉर्ड बिनबोभाट चालला होता. श्रेय अर्थात माझ्या शांत स्वभावाला मिळत होतं.

त्या दिवशी खोलीत मी होते.

दार ओढून गठ्ठ्यावर बसले होते. दाराशी पावलं आली. थांबली. दार बोटभर उघडलं आणि परत लागलं. पावलं गेली. मी मान वर केली नाही.

मुलगी बाहेर व्हरांड्यात थांबली. दुपारच्या नर्सला तेवढ्यात एका पेशंटला घेऊन सोनोग्राफीला जावं लागलं होतं. ती दहा मिनिटं वाट बघत राहिली, मग एसटी चुकेल म्हणून पळाली. एसटीत बसल्यावर तिनं वॉर्डात फोन लावला. तो कुणी उचलला नाही. मग वाटेत रेंज गेली, आणि तासाभरानं पुन्हा लागला तेव्हा वॉर्डात धावपळ सुरू झाली होती.

इंजेक्शन साडेतीनला दिलं. देणाऱ्या नर्सची काही चूक नाही, तिनं कागद वाचून दिलं. तोंड सुजलं, ओठ निळे पडले, बाईचा श्वास अडकला. मी होते, डॉक्टर धावत आले, जे करायचं ते सगळं केलं, माझे हात व्यवस्थित चालले. घशात नळी घालून बाईला आयसीयूत नेलं. लेक व्हरांड्यात उभी राहून कानडीत एकच वाक्य म्हणत होती. मी एका मावशींना विचारलं, काय म्हणते? त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं, म्हणती."

बाई वाचली. दोन दिवसांनी नळी निघाली, आठवड्यानं घरी गेली. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिच्यात अडकून राहील. अडकला होता तो त्या मुलीचा. लेकीनं "मी सिस्टरला सांगितलं होतं" असं लिहून दिलं आणि चौकशी बसली. निकाल लागेपर्यंत मुलीला घरी बसायला सांगितलं. चूक शाबित झाली तर नोकरी जाणार होतीच, शिवाय असा शेरा घेऊन दुसरं कुठलं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नव्हतं.

समितीत सुपरिटेंडेंट साहेब, ऑफिसातले एक अधिकारी आणि ट्रस्टचे एक वयस्कर गृहस्थ. पहिल्या बैठकीला मुलगी आणि मी, दोघींना बोलावलं. एसीच्या खोलीत ती स्वच्छ इस्त्री केलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये बसली होती. युनिफॉर्मशिवाय मी तिला पहिल्यांदा बघत होते. शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती.

साहेबांनी विचारलं, "नातेवाइकांनी सांगितलेलं तू ओव्हरमध्ये का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "सर, मी सांगत होते, पण..."

मी तारीख टिपून घेत होते. टिपली. टोपण लावलं.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "विसरले सर."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: विसरले. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तुमच्यावर काही नाही. मला तिचा जरा रागही आला. विसरलीस तर विसरलीस, माझ्या हाताकडे काय बघतेस, असं मनात आलं. तेवढं एकच मनात आलं, आणि तेही लिफ्ट खाली येईपर्यंत टिकलं नाही.

वॉर्डात आले तर एक जुन्या मावशी फरशी पुसत होत्या. यंत्रमागवाल्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या आणि या हॉस्पिटलात माझ्याही आधीच्या. आता चार महिन्यांत सुटणार होत्या, त्यामुळे कुणाची भीडभाड राहिली नव्हती.

"काय जालं पोरीचं?" त्यांनी विचारलं.

"विसरले म्हणाली," मी सांगितलं.

मावशींनी पोछा बादलीत बुडवला, पिळला. "विसरली न्हाय ती. लई रडत होती त्या दिवशी फोनवर माज्यापाशी. तुमी टोपण लावलं म्हणून गप बसली की."

"कसलं टोपण?"

"तुमच्या पेनाचं. त्ये वाजलं की पोरी गप बसतात. अकरा वर्षं जाली. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मी म्हणाले, "काहीतरीच काय मावशी."

"मग काहीतरीच आसंल," त्या म्हणाल्या आणि पुढं पुसत गेल्या. जाता जाता त्या दुसऱ्या ओव्हरचंही सांगून गेल्या, एखादी फरशी तुटली आहे असं सांगावं तशा आवाजात.

पुढच्या दुपारी ओव्हरला मी पेन उघडं ठेवलं. बघायचं म्हणून. ओव्हर देणारी दुसरी मुलगी होती, चांगली वाचाळ. पहिल्या खाटेपाशी तिनं आकडे सांगितले आणि थांबली. मी टोपण लावलं नाही. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग आणखी दोन वाक्यं बोलली. पुन्हा बघितलं. मग काय बोलावं सुचेना तेव्हा पेशंटला किती मुलं आहेत तेही सांगून टाकलं.

दुसऱ्या खाटेपाशी ती म्हणाली, "यांना काल रात्रीपासून डाव्या पायात जरा..."

मी टोपण लावलं.

ती थांबली. "जरा" वर थांबली, आणि पाय तिसऱ्या खाटेकडे वळलेसुद्धा. दुपारच्या नर्सनंही पान उलटलं. आपण वाक्य अर्धं सोडलं हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं. चौथ्या खाटेपाशी मी पुन्हा केलं. सातव्याला पुन्हा. तीनही वेळा तेच. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला अकरा वर्षं माझा स्वतःचा हात दिसला नव्हता. तिसऱ्या वेळेनंतर मी परत गेले आणि विचारलं, "डाव्या पायात जरा काय?" पोटरी दुखत होती. डॉक्टरांना बोलावून दाखवली, गोळ्या सुरू झाल्या.

मला तेव्हा काही वाटायला हवं होतं. शरम, धक्का, काहीतरी. लिनन रूममध्ये जाऊन बसले आणि वाटायची वाट बघितली. काही आलं नाही. फक्त दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळानं पावलं आली, थांबली, गेली. या वेळी मी उठून दार उघडलं. व्हरांड्यात दोघी मुली पाठमोऱ्या चालल्या होत्या. मी हाक मारली तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही सिस्टर."

मी म्हणाले, "खोली मोकळी आहे. तुमचं चालू दे."

हे बोलून गेल्यावर ते कुणाचे शब्द आहेत हे माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा मी ते बाजूला ठेवलं. आधी चौकशी होती.

फटकळ बाईंच्या हाताखाली आम्ही रडायचो, पण त्यांना उलटून बोलायचो तरी. त्या ओरडल्या की कळायचं, आता ओरडल्या, आता संपलं, आता सांगता येईल. माझं कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कुणाला कळण्याची सोयच नव्हती. मग पोरींनी एक खूण शोधून काढली आणि तिच्या आधारानं तोंडात मूग गिळून बसायला शिकल्या. मी गप्प राहून त्यांना मोकळं सोडलंय असं मला वाटत होतं.

दुसऱ्या बैठकीत निकाल व्हायचा होता. मी स्वतःहून आत गेले. मुलगी तशीच बसली होती, ड्रेसही तोच. मी पेन उघडून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, टोपण वेगळं, माझ्या हाताला लागणार नाही असं. मग मुलीला म्हणाले, "त्या दिवशीचं वाक्य पूर्ण कर. अकरा नंबर. त्यांची मुलगी म्हणते..."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता. मग तिनं साहेबांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेनाकडे.

"त्यांची मुलगी म्हणते की हेच इंजेक्शन मागे दिलं तेव्हा तोंड सुजलं होतं, तर देऊ नका, डॉक्टरांना विचारा."

एवढंच होतं वाक्य. एका श्वासात संपलं.

मी म्हणाले, "साहेब, ही विसरली नव्हती. हे वाक्य तिनं सुरू केलं होतं. मी तोडलं. मागच्या बैठकीतही तुमच्यासमोर तोडलं." आणि टोपणाचं सांगितलं, लिनन रूमचं सांगितलं, त्या खोलीत मी बसले होते तेही सांगितलं.

ट्रस्टचे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. अधिकाऱ्यांच्या फॉर्मवर "घटनेचे कारण" असा रकाना होता. ते म्हणाले, "पण सिस्टर, इथं मी काय लिहू?"

"टोपण लिहा," मी म्हणाले.

"असं कसं लिहिता येईल?"

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आई गेल्या, मनावर परिणाम होतो. टोपणानं कुणी बोलायचं थांबतं का?"

"सर," मुलगी म्हणाली. "थांबतं सर. आमी सगळ्याच थांबतो." आणि मग ती रडायला लागली.

अधिकाऱ्यांनी शेवटी रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मी माझं वेगळं लेखी दिलं, दीड पान, त्याच पेनानं. कागदावर न लिहिण्याचा नियम माझा होता, हेही त्यात घातलं. समितीला एक नाव हवं असतं, ते त्यांना मिळालं. मुलीला ताकीद देऊन कामावर घेतलं. मला इन्चार्जपदावरून काढून उपकरणं निर्जंतुक करतात त्या खात्यात पाठवलं. तिथं कात्र्या, चिमटे मोजून ड्रममध्ये भरायचे आणि मशीनची शिटी झाली की काढायचे. तिथं माझ्यासमोर कुणाला काही सांगायची वेळ येत नाही. शिक्षा म्हणून दिलं की दया म्हणून, ते मी विचारलं नाही.

वॉर्डातली माझी शेवटची ओव्हर त्या मुलीनं दिली. पेन मी उघडंच खिशात ठेवलं होतं. सहाव्या खाटेपर्यंत खिशावर निळा डाग पसरला, वाढत गेला. मुली बघत होत्या, कुणी बोललं नाही. फक्त तिनंच अकरा नंबरपाशी, नव्या पेशंटची सगळी हकीकत पुरी सांगून झाल्यावर म्हटलं, "सिस्टर, तुमचं पेन गळतंय."

"गळू दे," मी म्हणाले. "बारा नंबर सांग."

घरी आले. कपडा भिजत घातला, डाग काही निघाला नाही. आईची खाट तशीच आहे, तिच्याखाली शेंगांचा डबा. टेबलावर ड्यूटी चार्टचं जुनं पॅड होतं, त्या रविवारचं. मी ते घेऊन खुर्चीत बसले, त्या दिवशी बसले होते तशी, आणि पेनाचं टोपण लावलं. टक. खाटेवरून ऐकू जाईल एवढाच आवाज होता. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"अगं, मला दोन दिस जालं, हितं..." म्हणताना आईनं हात कुठंतरी ठेवला असणार. बोलताना ती नेहमी हात ठेवून दाखवायची. छातीवर ठेवला असेल, खांद्यावर, जबड्यापाशी, पोटावर. पंचवीस वर्षांत हजारो बायकांना मी पहिला प्रश्न हाच विचारला आहे, कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखवा. रविवारी मी कागदात बघत होते. हितं म्हणजे कुठं, ते विचारायचं राहिलं.